रिबिन्स्कचा जलाशय आणि त्यावरील हिंवाळी मासेमारी

रशियांत व्होल्गा नदीच्या वरच्या खोऱ्यांत रिबिन्स्क नांवाचा एक विस्तीर्ण जलाशय आहे. धरण बांधून तयार केलेला हा जलाशय इतका मोठा आहे कीं, त्याच्या मध्यभागीं उभ्या राहिलेल्या माणसास कोणताच किनारा दिसत नाहीं. त्याचें क्षेत्रफळ सुमारें 4,580 चौरस किलोमीटर आहे. सरासरी खोली मात्र साडेपांच-सहा मीटर, म्हणजे विस्ताराच्या मानानें तो अगदींच उथळ. नोव्हेंबरांत तो गोठतो आणि एप्रिल संपत येईपर्यंत गोठलेलाच राहतो. भर हिंवाळ्यांत बर्फ दीड हात जाड होतो. अशा वेळीं त्या पांढऱ्या पसाऱ्यावर ठिकठिकाणीं काळे ठिपके दिसूं लागतात. प्रत्येक ठिपका म्हणजे बर्फाला भोंक पाडून त्याच्या तोंडाशीं तासन्‌तास बसलेला एक मनुष्य असतो. त्याला विशेषेंकरून हवे असतात दोन मासे. एक पाइक आणि दुसरा रोच.

कडाक्याच्या थंडींत माशांसाठीं बर्फावर बसण्याची हौस उत्तरेकडील बहुतेक सर्व देशांत आहे. तेवढ्यानें रिबिन्स्कची गोष्ट सांगण्याजोगी झाली नसती. परंतु येथें गळ सोडला जातो तो जुन्या सरोवराच्या तळावर नव्हे. तो जाऊन टेंकतो कुरणांवर, रस्त्यांवर, घरांच्या जोत्यांवर आणि एका संपूर्ण शहरावर. त्या भूमीचें काय झालें, हें जितकें सरकारी दप्तरांत नमूद आहे, तितकेंच या दोन माशांच्या नशिबाच्या चढउतारांतहि वाचावयास मिळतें.

महाराष्ट्रांतील नद्यांत हे मासे नाहींत, म्हणून प्रथम त्यांची ओळख करून देणें बरें. पाइक, ज्याला रशियन लोक श्चूका म्हणतात, हा गोड्या पाण्यांतील शिकारी मासा होय. अंग लांबोडें, तोंड बदकाच्या चोंचीप्रमाणें चपटें, आणि त्यांत आंत वळलेल्या तीक्ष्ण दांतांच्या रांगा. हिरवट अंगावर फिकट ठिपके असल्यामुळें पाणवनस्पतींत तो दिसेनासा होतो. लांबवर पाठलाग करणें हा त्याचा स्वभाव नाहीं. तो दबा धरून बसतो व एकाच झेपेंत भक्ष्य गांठतो. धरलेला मासा तो प्रथम आडवा पकडतो, मग फिरवून डोक्याकडून गिळतो. स्वजातीच्या पिलांनाहि तो सोडीत नाहीं. रोच अथवा प्लोत्वा हा मात्र आपल्या रोहूच्याच कुळांतला, कार्प-वर्गीय मासा. तो बहुधा वीतभर लांबीचा, रुपेरी खवल्यांचा, तांबूस डोळ्यांचा व तांबड्या परांचा असतो. तो थव्यानें हिंडतो आणि अळ्या, शेवाळ, गोगलगायी, जें मिळेल तें खातो. पाइकच्या अन्नांत रोचला मोठें स्थान आहे, आणि पाइक धरण्यास जिवंत रोचसारखें आमिष नाहीं. म्हणून सकाळीं बारीक गळानें रोच धरावयाचे आणि त्यांतलेच लहानसे निवडून मोठ्या गळांस लावावयाचे, असा या मासेमारीचा क्रम पडून गेला आहे.

धरणापूर्वीं येथें तीन नद्या होत्या. मुख्य व्होल्गा, आणि तिला उत्तरेकडून येऊन मिळणाऱ्या मोलोगा व शेक्स्ना. या दोन उपनद्यांमधील दुआब सखल व पाणथळ होता. वसंतांत बर्फ वितळला कीं नद्या फुगत, दुआबांतील कुरणें कांहीं आठवडे पाण्याखालीं जात, आणि पाणी ओसरल्यावर त्या गाळांतून उंच, दाट गवत उठे. त्या गवतावर दुभत्या गाई पोसल्या जात. येथील लोण्याचा व चीजचा लौकिक होता. पाइक अंडीं घालतो तो नेमक्या अशाच जागीं. बर्फ सुटतांच, पाणी अद्याप बर्फासारखेंच गार असतां, तो बुडालेल्या गवतांत अगदीं उथळ पाण्यांत शिरतो आणि त्याची गाबोळी गवताच्या काड्यांना चिकटून राहते. अंडीं फुटून पिलें पोहूं लागेपर्यंत पाणी तेथेंच टिकलें पाहिजे. आधीं ओसरलें तर सारी वीण सुकून जाते. सारांश, जें कुरण उन्हाळ्यांत गाईंना पोशी तेंच वसंतांत पाइकचें सूतिकागृह होई. नदी, गवत, गाय आणि मासा यांचा हा मेळ शतकानुशतकें जमून गेला होता.

या प्रदेशाचें मत्स्यवैभवहि जुनें आहे. रिबिन्स्क हें नांवच ‘रीबा’, म्हणजे मासा, या शब्दापासून निघालें. पूर्वीं तेथें कोळ्यांची एक पेठ होती आणि झारच्या मुदपाकखान्यास स्टर्जन, स्टर्लेट यांसारखे उंची मासे पुरविण्याचें काम तिच्याकडे असे. 1777 सालीं त्या पेठेस शहराचा दर्जा मिळाला, तेव्हां तिच्या बोधचिन्हावर दोन स्टर्लेट मासे आले. त्याच वर्षीं मोलोगा हेंहि शहर झालें. मोलोगा नदीच्या कांठीं फार पूर्वीं एक मोठी जत्रा भरत असे. सोळाव्या शतकांत रशियांत आलेला सम्राटाचा वकील हर्बरस्टाइन यानें तिचा उल्लेख केला आहे. त्याच्याहि आधीं, पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धांत, त्वेर गांवचा एक व्यापारी व्होल्गेच्या प्रवाहानें उग्लिचवरून कोस्त्रोम्याकडे उतरला, तो याच संगमांवरून. त्याचें नांव अफानासी निकितीन. पुढें दैवगतीनें फिरत फिरत हाच निकितीन चौल बंदरीं पोंचला आणि जुन्नरास त्यानें पावसाळा काढला. तेव्हां महाराष्ट्रीय श्रोत्यांस हें दूरचें पाणी अगदींच परकें वाटावयास नको.

हिंवाळा हा तेथील मासळीच्या व्यापाराचा खरा मोसम. उन्हाळ्यांत मासळी खारवावी किंवा वाळवावी लागे; हिंवाळ्यांत ती बर्फावर टाकली कीं लाकडासारखी कडक होई आणि घसरगाड्यांवर रचून दूरच्या शहरांपर्यंत न नासतां जाई. मोठ्या प्रमाणावर मासे धरण्यासाठीं बर्फाखालून ओढजाळें घालण्याची युक्ति होती. कोंकणच्या किनाऱ्यावर रापण ओढतात तसेंच हें काम, पण डोक्यावर बर्फाचें छत असलेलें. प्रथम एक मोठें भोंक पाडून त्यांतून जाळें सोडीत. मग दोन्ही बाजूंस ठराविक अंतरावर लहान भोंकांच्या दोन ओळी पाडीत. एक लांब वासा दोरी बांधून बर्फाखालीं लोटीत, आणि एका भोंकापासून पुढच्या भोंकापर्यंत तो ढकलीत नेत. अशा रीतीनें दोन दोऱ्या बर्फाखालून पुढें जात, त्यांच्यामागून जाळ्याचे दोन पंख जात, आणि शेवटच्या मोठ्या भोंकाशीं दोन्ही पंख एकत्र येऊन जाळें वर निघे. एकट्या-दुकट्याचें हें काम नव्हे. त्यासाठीं आर्तेल म्हणून ओळखल्या जाणाऱ्या टोळ्या असत. मिळालेल्या मासळीची वांटणी त्यांत ठरलेल्या प्रमाणांत होई.

एकट्या माणसाचें साधन गळ. यारोस्लाव्हल येथें 1844 सालीं जन्मलेला प्राणिशास्त्रज्ञ लिओनिद साबानेयेव यानें रशियांतील गोड्या पाण्याच्या माशांवर 1875 सालीं एक ग्रंथ प्रसिद्ध केला. माशांचें जीवन व त्यांना धरण्याच्या रीती अशा दोन्ही गोष्टी त्यांत असल्यामुळें पंडितांपेक्षां गळकऱ्यांनींच तो अधिक वाचला, आणि ग्रंथकारास त्याचें वाईट वाटण्याचें कारण नव्हतें. लोकांच्या कल्पनेंत मात्र हिंवाळी पाइकला साबानेयेवच्याहि फार पूर्वीं जागा मिळाली होती. येमेल्या नांवाचा एक आळशी तरुण हिंवाळ्यांत पाणी आणावयास नदीवर जातो, बर्फांतल्या भोंकांत त्याला पाइक सांपडतो, आणि सोडून दिल्याच्या मोबदल्यांत तो मासा त्याच्या सर्व इच्छा पुरवितो, ही कथा प्रत्येक रशियन मुलाला पाठ असते. पुढच्या काळांत व्होल्गाकांठीं ज्यांनीं इच्छा केल्या ते येमेल्यासारखे आळशी नव्हते, आणि त्यांनीं विचारलें तें पाइकलाहि नव्हे.

14 सप्टेंबर 1935 रोजीं सोव्हिएट सरकारानें उग्लिच व रिबिन्स्क येथें व्होल्गेवर विद्युत्‌निर्मितीसाठीं धरणें बांधण्याचा ठराव केला. आरंभीं रिबिन्स्कच्या पाण्याची पातळी समुद्रसपाटीपासून 98 मीटर राहावयाची होती. मोलोगा शहर त्याहून थोडें उंचावर असल्यामुळें तें वांचलें असतें. परंतु 1 जानेवारी 1937 रोजीं ही पातळी 102 मीटर करण्याचें ठरलें. सपाट प्रदेशांत चार मीटर म्हणजे थोडे नव्हेत. बुडणारें क्षेत्र त्यामुळें जवळजवळ दुप्पट झालें. वीज वाढली, आणि मोलोगाचें भवितव्य त्या चार मीटरांत संपलें.

सुमारें 1,30,000 माणसांस घरें सोडावीं लागलीं. सुमारें सातशें गांवें उठलीं. घरें ओंडक्यांचीं असल्यामुळें पुष्कळांनीं तीं सोडवून, ओंडक्यांवर क्रमांक घालून त्यांचेच तराफे बांधले आणि नदीनें खालीं नेले. रिबिन्स्कच्या एका उपनगरांत तीं घरें पुन्हां उभीं राहिलीं. दगडविटांच्या इमारतींना तो मार्ग नव्हता. चर्चें सुरुंगांनीं उडविण्यांत आलीं. धरणाचें काम व जंगलतोड बव्हंशीं कैद्यांकडून करवून घेतली गेली. त्यासाठीं व्होल्गोलाग नांवाची कैद्यांची छावणी 1935 सालींच स्थापन झाली होती. तेथें भुकेनें, थंडीनें व रोगानें पुष्कळ माणसें दगावलीं. 13 एप्रिल 1941 रोजीं धरणाचें शेवटचें द्वार बंद झालें आणि पाणी चढूं लागलें. दोन महिन्यांनीं जर्मनीनें स्वारी केली. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरांत, शत्रु मॉस्कोच्या वेशीशीं आला असतां, रिबिन्स्कचें पहिलें यंत्र सुरू झालें व युद्धकाळांत मॉस्कोस येथून वीज मिळाली. धरणाच्या हिशेबांत ही जमेची बाजू मोठी आहे आणि ती नाकारण्यांत अर्थ नाहीं. मात्र मोलोगाकरांना तो हिशेब कोणी आधीं दाखविला नव्हता, हेंहि तितकेंच खरें.

जलाशय एकदम भरला नाहीं. 1941 पासून 1947 पर्यंत पाणी टप्प्याटप्प्यानें चढत गेलें, आणि येथेंच माशांच्या इतिहासास विलक्षण वळण लागलें. दर वसंतांत नवीं कुरणें, नवीं शेतें, नवीं झुडुपें पाण्याखालीं येत. पाइकला याहून अधिक काय हवें होतें? जुन्या काळीं पाणी कांहीं आठवड्यांनीं ओसरे. आतां तें ओसरतच नव्हतें. अंडीं वांचलीं, पिलें वांचलीं, आणि पिलांना खावयास बुडालेल्या मातींतून उत्पन्न झालेल्या सूक्ष्म जीवांची रेलचेल झाली. युद्धानंतरच्या वर्षांत येथें पाइकचें पीक आलें, असेंच म्हणावयास हवें. ज्या गवतासाठीं दुआब प्रसिद्ध होता, त्या गवताचें हें शेवटचें देणें होतें. तोडावयाचें राहिलेलें अरण्य ठिकठिकाणीं पाण्यांत उभेंच होतें. त्या वाळलेल्या झाडांत जाळें घालावें तर फाटे. गळकऱ्याला मात्र तेथें मोकळें रान. पाइकहि तेथेंच दडून बसे. त्या काळच्या मुबलकतेच्या कथा तिकडे अजून सांगतात, आणि गळकऱ्यांच्या कथांतून जें वजा करावें लागतें तें वजा केल्यावरहि बरेंच शिल्लक उरतें.

पण ही संपत्ति भांडवल मोडून खाल्ल्यासारखी होती. बुडालेलें गवत कुजलें; पुन्हां उगवण्यास जमीन कोठें होती? उभीं झाडें बर्फाच्या हालचालीनें मोडून पडलीं. लाटांनीं किनारे खरवडून कुरणांच्या जागीं वाळू पसरली. तळाच्या दलदलींतून पीटचे थर सुटून वर आले आणि बेटांसारखे तरंगूं लागले. शिवाय धरणाचा स्वतःचा एक ऋतुक्रम असतो, आणि तो नदीच्या क्रमाच्या उलट. हिंवाळ्यांत शहरांना वीज अधिक लागते, म्हणून पाणी सोडलें जातें आणि वसंताच्या पुरासाठीं जागा मोकळी केली जाते. त्यामुळें मार्चपर्यंत येथील पातळी सुमारें तीन मीटर खालीं जाते. जलाशय मुळांतच उथळ. तेव्हां किनाऱ्याकडील शेंकडों चौरस किलोमीटरांवर पाणी निघून जातें आणि बर्फ तळावर टेंकतो. त्यांत शिरलेले मासे सांपडून मरतात. उरलेलें पाणी कुजक्या पीटमुळें प्राणवायूस मुकूं लागतें, आणि कडक हिंवाळ्यांत कोठें कोठें मासे गुदमरतात. वसंतांत पूर कमी आला तर पाणी गवतापर्यंत पोंचतच नाहीं आणि पाइकची त्या वर्षाची वीण फुकट जाते. सुरुवातीच्या सुगीनंतर पाइकची संख्या घसरली, ती या कारणांनीं.

या सर्व घडामोडींचा अभ्यास व्हावा म्हणून 1945 सालीं जलाशयाच्या उत्तर किनाऱ्यावर डार्विनच्या नांवानें एक राखीव अरण्य स्थापन झालें. पश्चिमेस बोरोक येथें दुसरें अभ्यासकेंद्र होतें. बोरोक म्हणजे निकोलाय मोरोझोव्ह या क्रांतिकारकाचें जन्मस्थान व वाडी. झारच्या तुरुंगांत सुमारें पंचवीस वर्षें काढलेला हा मनुष्य सुटून विद्याव्यासंगांत रमला, आणि 1946 सालीं येथेंच वारला. त्याच्या वाडींतील केंद्राचें प्रमुखपद 1952 सालीं इव्हान पापानिन याजकडे आलें. 1937-38 सालीं उत्तर ध्रुवाजवळ तरंगत्या हिमखंडावर नऊ महिने काढणारा हाच तो पापानिन. बर्फाशीं त्याचा परिचय गळकऱ्यांहून अंमळ अधिकच होता! 1956 सालीं या केंद्राची जलाशय-जीवशास्त्रसंस्था झाली; येथील माशांविषयीं जें निश्चित ज्ञान आज उपलब्ध आहे, त्यांतील बराच भाग तिचा.

त्या ज्ञानांत रोचची हकीकत मोठी मनोरंजक आहे. पाइक गवताच्या आठवणींत अडकून राहिला. रोचनें नवा धंदा शोधला. दक्षिणेकडील द्रेइसेना नांवाचा नखाएवढा पट्टेदार शिंपला व्होल्गेच्या मार्गानें वर सरकत 1950 नंतरच्या दशकांत या जलाशयांत आला आणि बुडालेल्या झाडांच्या बुंध्यांवर, दगडांवर, जोत्यांवर त्याचे थर बसले. रोचच्या तोंडांत दांत नसतात, पण घशांत असतात, आणि मोठ्या रोचला त्या दांतांनीं शिंपला फोडतां येतो. परिणाम असा झाला, कीं येथील रोचचे जणुं दोन पंथ पडले. एक किनाऱ्यालगत वनस्पति व अळ्यांवर सावकाश वाढणारा. दुसरा खोल पाण्यांत शिंपल्यांवर पोसून झपाट्यानें मोठा होणारा. दुसऱ्या पंथाचा रोच गळास लागला कीं गळकरी खूष होतो. दुसरे मासेहि आले-गेले. शेक्स्नेच्या वाटेनें बेलोये सरोवरांतून स्मेल्ट हा बोटभर मासा आला व लक्षावधींनीं वाढला. विसाव्या शतकाच्या अखेरीस दक्षिणेकडून किल्का आला आणि स्मेल्ट हटला. जुना राजमान्य स्टर्लेट मात्र वाहत्या पाण्याचा. धरणांनीं नदी थांबविल्यावर तो येथून जवळजवळ नाहींसाच झाला. शहराच्या बोधचिन्हावर तो अजून आहे.

प्रत्यक्ष मासेमारीची साधनें पाहूं गेल्यास फार थोडीं आहेत. पूर्वीं पेश्न्या नांवाच्या पहारीनें बर्फ फोडीत. पुढें हातानें फिरवावयाचें मोठें गिरमिट आलें, आणि आतां यंत्राचेंहि आलें आहे. भोंकांत तरंगणारे बर्फाचे तुकडे काढावयास स्वयंपाकघरांतल्या झाऱ्यासारखाच एक झारा. बसावयास पेटी, अंगांत मेंढीच्या कातड्याचा अंगरखा, पायांत नमद्याचे बूट. रोचसाठीं मोर्मिश्का हा धातूच्या थेंबासारखा इवलासा गळ असतो. त्याला चिलटासारख्या एका कीटकाची तांबडी अळी लावून तो सारखा थरथरवीत ठेवावयाचा. पाइकसाठीं झेर्लित्सा. हिच्यांत जिवंत रोच पाण्यांत सोडून दोरी एका फिरकीवर गुंडाळलेली असते आणि वर वांकवून अडकविलेलें लहान निशाण असतें. पाइकनें आमिष ओढलें कीं निशाण ताडकन्‌ उभें राहतें. एक मनुष्य अशा अनेक झेर्लित्सा मांडून मधोमध बसतो. निशाण उठतांच त्या दिशेनें धांवत सुटतो. तरी घाई करून चालत नाहीं. पाइकला आमिष फिरवून गिळण्यास अवधि द्यावा लागतो. लवकर ओढलें तर हातीं नुसता दांतांनीं चिरलेला रोच येतो. मिळालेल्या पाइकचे वडे किंवा ऊखा नांवाचा रस्सा होतो. रोच खारवून व वाळवून ठेवतात.

पहिला बर्फ व शेवटचा बर्फ हे दोन काळ उत्तम मानतात, आणि धोक्याचेहि तेच. मधल्या काळास रशियन गळकरी ‘बहिरा हिंवाळा’ म्हणतात. तेव्हां मासे हालत नाहींत, खात नाहींत. वसंताच्या तोंडीं वारा फिरला तर बर्फाचा मोठा तुकडा किनाऱ्यापासून सुटतो व माणसांसह दूर जातो. त्यांस सोडविण्याचे प्रसंग वारंवार येतात. तरी रिबिन्स्क, यारोस्लाव्हल, चेरेपोव्हेत्स येथील कामकरी लोक सुटीच्या दिवशीं बर्फावर जातातच.

जाणता गळकरी भोंक कोठेंहि पाडीत नाहीं. पाणी उतरूं लागलें कीं मासे जुन्या नदीपात्रांत गोळा होतात, म्हणून तो दोरीनें खोली मापीत जुना कांठ हुडकतो. तीन मीटर, तीन मीटर, आणि मग एकदम आठ. म्हणजे खालीं मोलोगा लागली. नकाशावर नसलेली नदी अशी बर्फावरून बरोबर ओळखली जाते. पाणी फारच कमी झालेल्या वर्षीं शहरहि वर येतें. 2014 च्या ऑगस्टांत मोलोगाच्या रस्त्यांच्या फरशा व घरांचे पाये उघडे पडले आणि वंशज मंडळी होड्यांनीं जाऊन ते पाहून आलीं. त्यांचें एक संग्रहालय रिबिन्स्क शहरांत 1995 पासून आहे.

मार्चच्या अखेरीस, पातळी सर्वांत खालीं असतां, पोटांत अंडीं भरलेल्या पाइक माद्या बर्फाखालून किनाऱ्याकडे सरकूं लागतात. किनारा अद्याप उघडा, गवत वर कोरड्यावर. तेथपर्यंत पाणी चढेल किंवा नाहीं, तें त्या वर्षीं किती बर्फ पडला आणि धरणाचीं दारें किती उघडीं राहिलीं यावर ठरतें. तोंपर्यंत त्या मोलोगाच्या मुखाशीं थांबून राहतात, आणि वर बर्फावर झेर्लित्सा मांडलेल्या असतात.